केमोत शेजारच्या खुर्चीचं ऐकावं का?

सांगलीहून एका मुलानं विचारलं आहे, ते थोडक्यात असं. आईचं वय ५४, स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं. आता मिरजेला केमो चालू आहे: दर २१ दिवसांनी एक अशा ४ ‘लाल’ केमो, त्यानंतर दर आठवड्याला एक अशा १२. पहिली लाल झाली. मळमळ आहे, तोंड आलंय, केस गळायला लागलेत. घरात कोणाशी धड बोलत नाही, विचारलं की ‘बरं आहे’ म्हणते. डॉक्टर म्हणाले, इतर पेशंटशी बोलू द्या. घरच्यांना भीती वाटते की दुसऱ्यांचं ऐकून ती आणखी खचेल, आणि कोणी काहीबाही सल्ले देईल. काय करावं?

बोलू द्या. तुमची भीती खोटी नाही, तिच्याकडे येतेच मी. पण तुमचं वाचून मला काळजी वाटली ती केसांची नाही, मळमळीचीही नाही. आई ‘बरं आहे’ म्हणतात, त्याची वाटली.

मी केमोच्या डे-केअरमध्ये सिस्टर आहे, २३ वर्षं झाली. सकाळी आठला सुया लावायला सुरुवात करायची, ते संध्याकाळी शेवटची बाटली उतरेपर्यंत. एवढ्या वर्षांत ‘बरं आहे’ हे मी जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरं काही ऐकलेलं नाही, आणि तितक्याच वेळा ते खोटं निघालंय. बाळंतपणात हूं की चूं केलं नाही याचं कौतुक जिच्या घरात चाळीस वर्षं चाललंय, ती बाई मला ‘दुखतंय’ म्हणून कशी सांगेल?

एक प्रसंग सांगते. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. आमच्याकडे ते हातानं देतात. मोठी सिरिंज, चालू सलाईनमध्ये सावकाश सोडायचं, मध्येमध्ये थांबून शीर नीट आहे ना बघायचं. हे औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी आणि खालचं मांस जळतं, जखम महिनोन्महिने भरत नाही. म्हणून सारखं विचारायचं, ‘मावशी, चुरचुरतंय का? आग होतेय का?’ त्या दिवशीच्या मावशी पंढरपूरकडच्या. तीनदा विचारलं, तीनदा ‘नाही ओ’. चेहरा शांत, हाताला सूज नाही. शेजारच्या खुर्चीत तिसऱ्या सायकलच्या, म्हणजे तिसरी केमो घेणाऱ्या, एक ताई होत्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या. त्या एकदम म्हणाल्या, ‘सिस्टर थांबा. यांच्या पायाकडं बघा.’ चादरीतून पाय बाहेर आले होते आणि जोडव्यांची बोटं मुठीसारखी आत वळवून धरलेली होती. मी सिरिंज थांबवली, परत विचारलं. आग होतच होती. ‘पण औषध म्हटल्यावर व्हायचंच की,’ म्हणाल्या. सुई न काढता, आत राहिलेलं औषध ओढून घेतलं, मग बर्फाचा शेक, डॉक्टरांना बोलावणं वगैरे. आठवडाभर लाली राहिली आणि निवळली.

शिकलेली मी, समोर उभी मी, आणि दिसलं पोळीभाजीवाल्या ताईंना. कारण दीड महिन्यापूर्वी त्याच खुर्चीत त्यांनीही बोटं तशीच आवळली होती.

दुसऱ्या पेशंटच्या सोबतीचा सगळ्यात मोठा फायदा मला हा वाटतो. धीर मिळतो, ते आहेच. पण ‘मलाही झालेलं, मी सांगितलं, त्यांनी गोळी बदलून दिली’ हे एवढं एक वाक्य शेजारच्या बाईनं बोललं की पेशंट आमच्याकडे तक्रार करायला शिकतो. मी शंभरदा ‘सांगा हं, लाजू नका’ म्हटलं तरी जे होत नाही, ते त्या एका वाक्यानं होतं. आणि वेळेवर सांगण्याची किंमत किती असते ते मोजलं गेलेलं आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये, कॅन्सर पसरलेल्या आणि केमो चालू असलेल्या ७६६ लोकांवर एक अभ्यास झाला, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. काही जणांची नेहमीसारखी तपासणी. बाकीच्यांनी काय काय होतंय ते कंप्युटरवर नियमित भरायचं, आणि त्रास वाढला की सिस्टरला निरोप जायचा. नेहमीच्या गटाचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे लोक ज्याहून जास्त जगले तो काळ) २६ महिने निघालं, कळवणाऱ्यांचं ३१.२. केमो दोघांचीही नेहमीचीच. त्रास हाताबाहेर जाण्याआधी कोणाच्या तरी कानावर गेला, एवढाच फरक.

आता सोबतिणीकडून नेमकं काय मिळतं ते सांगते. पहिलं म्हणजे दिवसांचा हिशेब. आम्ही कागदावर ‘मळमळ, अशक्तपणा, पेशी कमी होणे’ अशी यादी देतो. ती वाचून पेशंटला वाटतं, सगळं एकदम आणि कायमचं होणार. जिची दुसरी-तिसरी सायकल झालीय ती सांगते, ‘पहिले दोन दिवस तरतरी वाटेल, झोप येणार नाही, फसू नका. ती स्टिरॉइडची आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगातून वारं काढून घेतल्यासारखं होईल. आठव्या दिवसाच्या आसपास तोंड येईल. पंधराव्यानंतर माणसात याल.’ हे बहुतेकींच्या बाबतीत इतकं जुळतं की मीही आता तसंच सांगते. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात, तोंड येण्याचे दिवसही तेच. तिसरा आठवडा आपला. बारसं, बँकेचं काम, माहेरी जाणं, जे काय असेल ते तिसऱ्या आठवड्यात. एका बाईंनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज एक अक्षर लिहायला सुरुवात केली होती: म म्हणजे मळमळ, त म्हणजे तोंड, झ म्हणजे झोप नाही. पुढच्या सायकलला पानंच फाडून घेऊन आल्या. डॉक्टरांनी ती दोन मिनिटं बघितली आणि उलटीची गोळी तिसऱ्याऐवजी पाचव्या दिवसापर्यंत लिहून दिली. आईंना हे जमेल. लिहिणं बोलण्यापेक्षा सोपं जातं बऱ्याच जणींना.

दुसरं, आम्ही सांगायला विसरतो ते. लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. औषधाचा रंग, बाकी काही नाही. आमच्या रोजच्या सवयीचं, म्हणून एकदा एका बाईला सांगायचं राहिलं. रात्री एकटीच संडासात ते बघून रक्त समजली आणि पहाटेपर्यंत पायरीवर बसून राहिली, घरात कोणाला उठवलं नाही. ही चूक आमची. पण हेही खरं की शेजारी एखादी अनुभवी असती तर सलाईन चालू असतानाच हसत सांगून मोकळी झाली असती.

केसांचं तर विचारूच नका. या औषधात पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी केस सुटतात. उशीवर, ताटात, न्हाणीच्या जाळीत. टाळू हुळहुळते, दुखते, हे मात्र बायका एकमेकींनाच सांगतात. आमच्याकडच्या जुन्या पेशंटचा सल्ला नेहमी एकच: पुंजके निघायला लागले की वाट बघू नका, मशीन फिरवून बारीक करून टाका, वस्तरा नको, कापलं तर जंतूंना वाट मिळते. आईंच्या मनात काय आहे ते मात्र आधी विचारा. काहींना शेवटचा केस जाईपर्यंत वेणी घालायची असते, आणि तोही त्यांचा हक्क आहे. केमो संपल्यावर महिना-दीड महिन्यात लव दिसायला लागते. हे मी सांगितलं तर ऐकून घेतात. पण तपासणीला आलेली एखादी जुनी पेशंट पदर मागे सारून आपले दोन बोटं वाढलेले कुरळे केस दाखवते ना, तेव्हा अख्ख्या रांगेचा जीव भांड्यात पडतो. हात लावून बघतात.

वासाचं आणि चवीचं ज्ञानही त्यांच्याकडेच. फोडणीचा वास सहन होत नाही, म्हणून आईंचं जेवण त्या घरात नसताना किंवा शेजारी शिजवा. गरम अन्नाला वास जास्त येतो, कोमट किंवा गार झालेलं खपतं. तोंडात लोखंड चावल्यासारखं वाटत असेल तर स्टीलचा चमचा बदलून लाकडी किंवा प्लास्टिकचा द्या. आमसुलाचं सार, लाह्या, मऊ मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, पेज. यादी जिल्ह्याजिल्ह्यात बदलते आणि त्यावरून डे-केअरमध्ये चांगली खडाजंगी होते. एक विदर्भातल्या काकू ठामपणे सांगायच्या की ज्वारीच्या कण्यांशिवाय केमो उतरत नाही. असो. तोंड आलंय म्हणालात, तर लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा चूळ. मऊ ब्रश. तिखट आणि लिंबू काही दिवस बंद. गिळताच येत नसेल किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसत असतील तर चुळांवर थांबू नका, दाखवा.

एक गंमतीची पण उपयोगाची गोष्ट. उलटीसाठी आजकाल ओलान्झापिन नावाची गोळी रात्री देतात. पेशंटचा मुलगा मोबाइलवर नाव टाकतो, आणि निघतं काय, तर स्किझोफ्रेनियाचं औषध. ‘आईला वेडाची गोळी दिलीय’ म्हणून गोळी बंद, रात्रभर उलट्या. तुम्हीही शोधलं असेल बहुतेक. गोळी मुळात त्याच आजाराची आहे हे खरं, पण केमोच्या मळमळीवर ती उत्तम चालते. गुंगी फार येते ही तक्रार होती, तर टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये दाखवलं की १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅमनंही मळमळ तितकीच आवरते आणि झोप कमी येते. मी हे सांगितलं तर लोक मान डोलावतात आणि गोळी पाकिटातच ठेवतात. शेजारची म्हणाली, ‘घ्या हो, मी वेडी दिसतेय का?’ की त्याच रात्री घेतात.

आता तुमच्या भीतीकडे.

काहीबाही सल्ले मिळतात का? मिळतात. आणि त्यातला सगळ्यात धोक्याचा सल्ला मूर्ख माणसाचा नसतो, ज्याला खरोखर गुण आलाय त्याचा असतो. आमच्याकडे एका काकांना फाइव्ह एफयू नावाचं केमोचं औषध चालू होतं. ते औषध जाताना तोंडात बर्फ चघळला तर तोंड कमी येतं, हे सिद्ध झालेलं आहे आणि आम्हीच त्यांना बर्फ द्यायचो. एके दिवशी त्यांनी मोठ्या मनानं आपला कप शेजारच्या जळगावच्या माणसापुढे केला. त्याला मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी ऑक्झॅलिप्लॅटिन चालू होतं. या औषधात गार वस्तू म्हणजे शत्रू. फ्रिजमधली बाटली धरली तरी बोटांना करंट लागल्यासारखं होतं, गार पाणी प्यालं तर घसा आवळतो. बर्फ तोंडात टाकल्याबरोबर तो माणूस गळा धरून उठला, श्वास बंद होतोय म्हणून. श्वास बंद होत नसतो, पण वाटतं अगदी तसंच. गरम पाण्याचे घोट, गळ्याला कोमट कपडा, दहा मिनिटांत ठीक. बर्फ देणाऱ्या काकांना मात्र त्या दिवशी बीपीची गोळी द्यावी लागली. दोघांची खुर्ची शेजारी, दोघांचं सलाईन सारखंच दिसणारं, दोघंही ‘केमो’वाले. औषधं वेगळी.

म्हणून घरात एक नियम करा. कसं खायचं, कसं झोपायचं, कधी फिरायचं, डोक्याला काय बांधायचं, प्रवासात काय जवळ ठेवायचं, हे सगळं दुसऱ्या पेशंटला खुशाल विचारा. पोटात जाणारी गोळी, काढा, पावडर, किंवा ‘हे बंद करा’ असा कुठलाही सल्ला आला तर आधी फाइलवरच्या नंबरला फोन. दुसऱ्याची उरलेली गोळी तर कधीच नाही. पांढऱ्या पेशी वाढवायची, पोटावर टोचायची सुई शेजारणीला दिली आणि आईंना नाही, याचाही अर्थ आईंकडे दुर्लक्ष झालं असा नसतो. कोणाला द्यायची हे औषधं, वय आणि मागच्या वेळचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, बघून ठरतं. दिली तर कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, ते अपेक्षित आहे.

काढ्यांबद्दल माझं मत कडक आहे, आवडलं नाही तरी ऐका. गुळवेल, गव्हांकुराचा रस, पपईच्या पानांचा रस, हे तिन्ही प्रत्येक डे-केअरमध्ये कानोकानी फिरतात. लाल औषधाचा निचरा मुख्यतः लिव्हरमधून होतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हरला सूज आल्याच्या केसेस छापल्या. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, वाद झाला. तो वाद मोठ्यांचा मोठ्यांत चालू दे, आपण केमोच्या दिवसांत लिव्हरची परीक्षा घ्यायची नाही. आणि कच्चा रस म्हणजे पेशी कमी असताना न शिजलेले जंतू पोटात. ज्या कोणी सुचवतील त्यांच्याशी भांडू नका. ‘डॉक्टरांना विचारून घेते’ म्हणायचं आणि विषय बदलायचा, आपल्याकडे एवढं सगळ्यांना जमतं.

तापाची गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. माझ्या ओळखीतल्याच एका बाईला दहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. तिच्यासारखीच केमो झालेल्या मैत्रिणीनं प्रेमानं सांगितलं, ‘मलाही आलेला, क्रोसिन घेतली, उतरला.’ हिनंही घेतली, उतरला. परत आला, परत घेतली. दोन दिवसांनी आली ती थेट आयसीयूत, बीपी लागत नव्हतं. वाचली, पण तीन आठवडे गेले. पेशी तळाला असताना शरीरात पू होत नाही, खोकल्यात बेडका दिसत नाही, सूज येत नाही. ताप ही एकच घंटा असते, आणि पॅरासिटामॉल ती घंटा बांधून ठेवतं. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की कपडे बदलण्यातही वेळ घालवायचा नाही, हॉस्पिटल. रात्रीचे दोन असले तरी. दारात पाऊल टाकताच म्हणायचं, ‘केमो चालू आहे, दहावा दिवस आहे, ताप आहे.’ पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. डिजिटल थर्मामीटर घ्या आणि उशाशी ठेवा, कपाटात नको.

आता खचण्याचं. इतरांचं ऐकून खचतात का? काही जण खचतात, हे मी नाकारणार नाही. या विषयात चाळीस-पन्नास वर्षं अभ्यास चाललेत आणि उत्तरं सरळ नाहीत. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलं की पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या बायका दर आठवड्याला एकत्र बसून बोलायच्या, त्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. ८६ बायकांचा अभ्यास होता तो, सगळीकडे गाजला. कॅनडात २००१ मध्ये २३५ बायकांवर तेच करून बघितलं, तर आयुष्य वाढलं नाही. पण दुखणं कमी जाणवलं, मन सावरलं, आणि ज्यांची अवस्था सुरुवातीला वाईट होती त्यांना जास्त फायदा झाला. पिट्सबर्गच्या एका अभ्यासात तर असं निघालं की घरातून, नवऱ्याकडून आधार नसलेल्या बायकांना नुसत्या गप्पांच्या गटाचा उपयोग झाला, पण घरचा आधार भक्कम असलेल्यांना त्या गटाचा उलट थोडा त्रासच झाला. त्याच अभ्यासात, माहिती देणाऱ्या बैठका त्यापेक्षा सरस ठरल्या. माझा अनुभव याला धरूनच आहे. ‘चला, सगळ्या मिळून मन मोकळं करू’ असं म्हणून गोल बसवलं की आपल्या बायका पदराशी चाळा करत बसतात. पण एकीला तोंड आलंय आणि दुसरीला त्यावरचा उपाय माहीत आहे, की गप्पा आपोआप लागतात. मन त्यातच मध्येच कुठेतरी मोकळं होतं.

म्हणून सोबत निवडायची असते. आईंसाठी शोधायची ती अशी: औषध तेच, आजाराची अवस्था साधारण तीच, आणि त्यांच्या दोन-तीन महिने पुढे असलेली. अगदी बरोबरीची असली तर दोघी मिळून घाबरतात. ज्यांचा आजार उलटलाय अशांना पहिल्याच महिन्यात आईंच्या गळ्यात घालू नका, त्यात दोघींवर अन्याय आहे. ज्यांची केमो संपून वर्षं झालीत त्या धीराला उत्तम, पण चौथ्या दिवशी नेमकं काय होतं ते विसरलेल्या असतात, ‘काही नाही हो, जातात दिवस’ म्हणतात. बाळंतपणासारखंच आहे ते.

अशी बाई कशी मिळेल? मिरजेच्या डे-केअरमधल्या सिस्टरला विचारा. कोण बोलकी आहे, कोण भोचक आहे, कोण रडकी आहे, हे आम्हाला डॉक्टरांपेक्षा चांगलं माहीत असतं. ‘सिस्टर, आईला पुढच्या वेळी कोणा समजूतदार बाईशेजारी बसवा’ एवढं म्हणा, समजेल. मिरजेला सोलापूर, बेळगाव, विजापूरकडून लोक येतात, भाषा जुळेल हे बघा. मेडिकल सोशल वर्कर असेल तर त्यांनाही भेटा. मुंबईत हे काम वर्षानुवर्षं चालू आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासूनची, व्ही केअर १९९४ पासूनची, तिथे स्वतः आजारातून गेलेली माणसं पेशंटशी बोलायला येतात. अमेरिकेत ही पद्धत १९५२ मध्ये टेरेसे लॅसर या बाईनं स्वतःच्या ऑपरेशननंतर सुरू केली, तेव्हा ‘ही कोण बाहेरची बाई वॉर्डात येऊन पेशंटशी बोलते’ म्हणून काही डॉक्टरांना ते रुचलं नव्हतं.

पण खरी शाळा बघायची तर परळ-दादरच्या धर्मशाळा बघा. टाटाला उपचाराला आलेली माणसं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, परळच्या नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात महिनोन्महिने राहतात. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म कुठल्या खिडकीवर मिळतो, महात्मा फुले योजनेला कुठला कागद कमी पडतो, कुठल्या वेळी रक्त दिलं तर रिपोर्ट लवकर हातात येतो, हे तिथे जिन्यात उभं राहिलं तरी कळतं. एकाच्या स्टोव्हवर दुसऱ्याची पेज होते. बिहारची आई आणि बुलढाण्याची आई एकमेकींची भाषा धड न कळता एकमेकींच्या पोरांना सांभाळतात.

पुरुषांचं थोडक्यात सांगते, तुमच्या प्रश्नात नाही तरी. ते त्रासाबद्दल बोलत नाहीत. काउंटबद्दल बोलतात, क्रिकेटच्या स्कोअरसारखं. ‘माझे ३२००, तुमचे किती?’ तेवढ्यावरून सुरू झालं तरी चालतं, तासाभरानं बोटांच्या मुंग्यांपर्यंत येतात.

एक गोष्ट मनाची तयारी ठेवून ऐका. ज्यांच्याशी आईंची गट्टी जमेल त्यांच्यातलं कोणी एखाद्या सायकलला दिसणार नाही. खुर्ची रिकामी असेल किंवा तिथे दुसरं कोणी. आई विचारतील. खोटं सांगू नका, ‘गावी गेल्या’ वगैरे. त्यांना कळतंच, आणि मग तुमच्यावरचा विश्वास जातो, पुढे रिपोर्ट चांगला आला तरी खरा वाटत नाही. मी एवढंच सांगते की त्यांचा आजार वेगळा होता, तुमचा वेगळा आहे, आणि हे बहुतेक वेळा खरंही असतं. मग थोडा वेळ तिथेच थांबते. त्या दिवशी रडल्या तर रडू द्या.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप असेल तर आईंच्या फोनवर नको, तुमच्या फोनवर घ्या आणि कामाचं तेवढं वाचून दाखवा. रात्री दीडला कोणाचा तरी स्कॅन रिपोर्ट येऊन पडतो, तो बघून कोणाला झोप लागणार? पेशी कमी असण्याच्या दिवसांत भेटीगाठी बंद, फोनवर बोला. डे-केअरमध्येही कोणी खोकत असेल तर लांब बसा, मास्क लावा, आणि दुसऱ्याच्या डब्यातलं खाऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. हे सांगणं जिवावर येतं, पण सांगते.

आता तुम्ही. रागावू नका, पण मुलगे एक चूक हमखास करतात. मी आईंना विचारते, ‘संडासला होतंय का?’ आणि मुलगा उत्तर देतो, ‘हो, रेग्युलर आहे.’ आईंना चार दिवस झालेलं नसतं. उलटीच्या गोळीनं, ऑन्डान्सेट्रॉननं, बद्धकोष्ठ होतं, आणि ते कुठली आई मुलासमोर बोलेल? तेव्हा सलाईन लागलं की आईंजवळ पाण्याची बाटली ठेवा, आणि तासभर बाहेर चहाला जा. खरंच जा. तुम्ही शेजारी स्टुलावर बसून राहिलात तर शेजारची बाई बोलायची नाही आणि आईही बोलायच्या नाहीत. बाहेर टपरीवर तुमच्यासारखेच चार मुलगे, दोन नवरे आणि एक जावई उभे असतील. त्यांच्याशी बोला. तुम्हालाही कोणी तरी हवंच आहे, तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय.

दोन-अडीच महिन्यांनी लाल संपून आठवड्याची केमो, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल, सुरू होईल. तेव्हा हिशेब बदलेल. मळमळ बरीच कमी होईल, आणि हातापायाच्या बोटांना मुंग्या, बधिरपणा सुरू होऊ शकेल. पहिल्या एक-दोन डोसना सलाईन चालू असताना छातीत दडपण, अंगाला खाज, चेहरा लाल असं काही झालं तर त्याच क्षणी ओरडून सांगायचं असतं, हे आईंना आत्ताच माहीत असू द्या. मुंग्यांचं मात्र हळूहळू येतं आणि सोसण्यात लपतं. डॉक्टर विचारतात ‘बधिरपणा किती?’ आणि बायका म्हणतात ‘थोडासा’. आमच्या डे-केअरमधल्या बायकांनी स्वतःच एक परीक्षा काढली आहे. त्या एकमेकींना विचारतात, ब्लाउजचे हूक स्वतः लावलेस का आज? ज्या दिवशी सुनेला हाक मारावी लागली, त्या दिवशी डॉक्टरांना सांगायचं, पुढचा डोस लागायच्या आधी.